रास अल खैमाच्या वाळूतली ‘शिवराई’

परदेशी नातलगाकडे निघालेल्या बाईच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि लिंबाचे लोणचे असायचेच. ते माझ्याही सामानात होते. त्याशिवाय एक भिंग, मऊ शिशाच्या पेन्सिली आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दोऱ्याने बांधलेला एक जुना कागद मी हातातल्या पिशवीत घेतला होता. त्या कागदावर अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, देव्हाऱ्यातल्या शिवकालीन तांब्याच्या शिवराईचे दोन ठसे आहेत. नाण्यावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवली की नाण्यावरचा उठाव कागदावर उतरतो. माझा धाकटा भाऊ विनायक लहानपणी गोवराने अंथरुणात होता, तेव्हा त्याला रमवण्यासाठी मी हे ठसे काढले होते. पुढे इतिहासाची शिक्षिका झाल्यावर हीच युक्ती मी वर्गावर्गांतून शिकवली.

अप्पा गेले तेव्हा विनू शारजात नोकरीला नवा होता. रजा मिळवून तो कऱ्हाडला पोचला तोवर दिवसकार्य उरकले होते. त्या गर्दीच्या दिवसांत देव्हाऱ्यातली शिवराई कुठेतरी गेली ती गेलीच. अप्पांच्या वस्तूंपैकी विनूने तेवढी एकच मागितली होती, आणि नेमकी तीच आम्हाला त्याच्या हातात ठेवता आली नाही.

म्हणून १९९८च्या दिवाळीत त्याचा फोन आला तेव्हा मी हातातले फराळाचे ताट खाली ठेवून ऐकले. “ताई, शिवराई सापडली! इथे, समुद्राकाठी, माझ्या डिटेक्टरला. ‘श्री’ स्वच्छ दिसतोय. इथल्या मराठी मंडळाला सांगून बसलोय. आता मार्चमध्ये आम्ही कायमचे परत येतोय, त्याआधी निरोपसमारंभात मी तिच्यावर बोलणार आहे. पण तू बघितल्याशिवाय नाही. तू ये.”

फेब्रुवारीत मी गेले.

अल कुसैस

विनूचे बिऱ्हाड दुबईतल्या अल कुसैसला, शारजाच्या हद्दीला लागून असलेल्या एका इमारतीत होते. जिना चढताना एका मजल्यावर सांबाराचा, दुसऱ्यावर बिर्याणीचा आणि तिसऱ्यावर कांदा-लसूण मसाल्याचा वास येत असे. तिसऱ्या मजल्यावर आमचे घर. खोक्यांची चळत बैठकीत उभी होती, आणि त्या चळतीला टेकून, छत्रीसारखी दांडी व टोकाला ताटाएवढे चकतीचे डोके असलेले ते धातुशोधक यंत्र ठेवले होते.

“वन्सं, ही माझी सवत,” भावजय सुलभाने ओळख करून दिली. “दर शुक्रवारी हिला घेऊन जातात. मला रोल्लाच्या बाजारात नेताना मात्र पार्किंग मिळत नाही.”

“सवतीनं निदान शिवराई तरी आणली,” विनू म्हणाला.

“आणली. आणि बाटल्यांची बुचं, मासळीचे डबे, गंजके खिळे. ते कोण सांगणार वन्संना?”

बारावीतली भाची मुक्ता खोक्यावर बसून हे ऐकत होती. तिचा जन्म तिथलाच. तिला मराठी सगळे समजे, उत्तर मात्र इंग्रजीत येई. “आत्या, डॅडी टॉक्स टू दॅट मशीन,” ती म्हणाली.

चहा झाल्यावर विनूने नाण्यांचा डबा टेबलावर रिकामा केला. मी सुलभाकडून स्टीलच्या वाट्या मागून घेतल्या. वाचकांपैकी कुणाला असे नाणे सापडले तर क्रम लक्षात ठेवावा: अक्षरे वाचण्याची घाई करू नये. आधी कड पाहावी. यंत्रावर पाडलेले नाणे अचूक गोल असते व त्याला उभी कड असते. हातोड्याने पाडलेले नाणे वेडेवाकडे, जाड आणि बहुधा नाणे पाडण्याच्या साच्यापेक्षा लहान, त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राहिलेला असतो. मग जाडी, मग वजन, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी ते कुठे पडले होते ते.

वाट्या भरत गेल्या तशी मला गंमत वाटू लागली. राणीचा मुकुटधारी चेहरा असलेला पाव आणा. कंपनी सरकारचा त्याहून जुना पाव आणा. मस्कतच्या सुलतानाचाही पाव आणाच. आणि आमच्या लहानपणचा भोकाचा पैसा! आखाती किनाऱ्यावर कितीतरी वर्षे आपलाच रुपया चालत होता, हे मी मुलांना शिकवले होते. ते वाट्यांत वेगळे करताना मात्र पहिल्यांदाच खरे वाटले.

“भोकाचा पैसा आठवतो?” मी विचारले.

“करगोट्यात ओवला होता मी. आई ओरडली होती.”

“तो सुटून पायरीवर पडला तेव्हा तू रडलास.”

“ताई, मुक्तासमोर नको.”

शेवटी त्याने खिशातून एक डबी काढली. कापसात ते नाणे होते. जाड, वेडेवाकडे, हातोड्याचे. एका बाजूचा ‘श्री’ नवरीच्या नथीसारखा लखलखत होता. शेजारी ‘रा’सारखे अक्षर अर्धवट दिसत होते. दुसरी बाजू वाळू आणि चुन्याच्या करड्या-हिरव्या थराखाली पूर्ण झाकलेली होती.

“हे इतकं चकाकतंय कशानं?”

सुलभा पुढे झाली. “चिंच-मीठ लावून घासलं मी. पूजेचं ताम्हन घासतो तसं. ‘श्री’ दिसल्यावर तसाच काळा कसा ठेवायचा?”

जुन्या तांब्यावरचा तपकिरी-हिरवा थर हा त्याचा अंगरखा असतो. तो उतरवला की अक्षरेही झिजतात आणि नाण्याचे वयही हरवते. जगातला कोणताही जाणकार ते घासणार नाही, आणि ‘श्री’ दिसलेला कोणताही मराठी घरातला माणूस ते घासल्याशिवाय राहणार नाही.

“आणि ही बाजू?”

“त्या बाजूला मी हिला हात लावू दिला नाही,” विनू म्हणाला. “खाली ‘छत्रपति’ असणार. घासताना गेलं तर?” मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, “अप्पांची परत मिळाली असं वाटलं गं.”

मी पुठ्ठे सोडून जुना कागद त्याच्यासमोर ठेवला. अस्सल शिवराईवर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र’, ‘पति’ अशी अक्षरे, भोवती ठिपक्यांचे कडे. आमच्या ठशावर ‘राजा’ हा शब्द ‘श्री’च्या खाली होता. विनूच्या नाण्यावर ‘रा’ शेजारी होता. हा फरक मला दिसला. पण अर्ध्या बाजूवरून निकाल देऊ नये, हा नियम मीच मुलांना घालून दिलेला होता. शिवाय मलाही ती शिवराईच हवी होती.

खाडीकाठी

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही रास अल खैमाकडे निघालो. डाव्या हाताला मध्येच निळे पाणी, उजव्या हाताला तांबूस वाळू, आणि पुढे गेल्यावर अचानक उघडेबोडके, काळपट डोंगर. मला सज्जनगडाच्या वाटेवरचा मार्चमधला डोंगर आठवला. फक्त इथे पावसाळ्यात हिरवा होईल अशी आशा नव्हती.

जागा खाडीकाठच्या एका वस्तीत होती. ती अबू राशिद नावाच्या वृद्ध गृहस्थांच्या मालकीची. त्यांचा मुलगा विनूबरोबर समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कारखान्यात होता. त्यांच्या परवानगीनेच विनू तिथे शोधे, आणि सापडलेली प्रत्येक वस्तू आधी त्यांना दाखवी. सरकारने राखलेल्या प्राचीन जागी असे यंत्र नेऊ नये, नेल्यास तो गुन्हा ठरतो, हेही इथेच सांगून ठेवते.

पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले अबू राशिद चटईवरून उठून उभे राहिले. “आओ बहन, बैठो. हम तुम्हारा बम्बई बहुत देखा. मस्जिद बन्दर, भिण्डी बाजार. जवान था, खजूर लेके जाता था, चावल लेके आता था.”

कॉफी आली, वेलदोड्याची, कडू, चिमुकल्या बिनकानाच्या कपात. कप रिकामा झाला की ते पुन्हा भरत. यजमानाने वाढलेले टाकू नये या आपल्या शिस्तीने मी पीत राहिले. माझे कान गरम झाले तरी पीत राहिले. शेवटी विनू हसू दाबत म्हणाला, “ताई, कप असा हलव. हलवला नाहीस तर ते संध्याकाळपर्यंत ओततील.” आपण ताटावर आडवा हात धरतो, ते कप हलवतात. मी हलवला. अबू राशिद म्हणाले, “खलास? हम सोचा, बहन को बहुत पसन्द है!”

मागोमाग बलालीत नावाचा पदार्थ आला: वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया, आणि वर चक्क अंड्याची पोळी. सुलभाने माझ्याकडे असे पाहिले की जणू खिरीत कुणी कांदा चिरला आहे. मी अंडे बाजूला सारले. शेवया थेट आईच्या हातच्या होत्या.

मग आम्ही ती जागा पाहिली. तिथे अबू राशिदांची नवी मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, बांधायला सुरुवात होणार होती. चुन्याच्या फक्कीने रेघा आखून ठेवल्या होत्या. विनूने बोटाने दाखवले, “इथं मिळाली. वीतभर खाली.”

“इधर दुकान का दरवाजा था,” अबू राशिद म्हणाले. “खजूर के पत्ते का दुकान. सेठ का. चावल, कपड़ा, हल्दी, सब. मांडवी का आदमी. हम छोटा था, मेरे को गुड़ देता था. फिर मोती का धंधा खलास हो गया, तो सेठ चला गया. मेरे बाप को बोला, वापस आएगा. बाप ने उसका ताला बहुत साल रखा. नहीं आया.”

विनू त्या वेळी यंत्राचा पट्टा दंडाला आवळत होता. त्याने ते कितपत ऐकले कोण जाणे. मी मात्र ऐकले. मांडवी म्हणजे कच्छचे बंदर. ‘श्री’शेजारचा तो ‘रा’ पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आला.

नंतर विनूने यंत्र माझ्याही हातात दिले. ते टिंग वाजले तेव्हा मी शाळेतल्या मुलीसारखी ओरडले. वाळूतून शीतपेयाच्या डब्याची कडी निघाली. अबू राशिदांनी ती उचलून गंभीरपणे माझ्या तळहातावर ठेवली. “बहन, ये तुम्हारे राजा का.”

रोल्ला

वजनासाठी आम्ही शारजातल्या रोल्लाला गेलो. तो भाग म्हणजे एखाद्या तालुक्याची बाजारपेठ उचलून वाळवंटात ठेवावी तसा. मेथीच्या जुडीपाशी सुलभा थबकली. “दोन दिरहम. म्हणजे बावीस-तेवीस रुपये झाले हो, वन्सं!” इतक्या वर्षांनीही तिचा तो गुणाकार सुटला नव्हता; जुडी मात्र तिने घेतली.

एका ओळखीच्या सोनाराने नाणे काट्यावर ठेवले. पुऱ्या शिवराईपेक्षा ते बरेच हलके आणि अर्ध्या शिवराईपेक्षा जड भरले.

“झिजलंय, म्हणून हलकं,” विनू लगेच म्हणाला.

“असू शकेल,” मी म्हणाले. आणि ते खरेच शक्य होते.

“ताई, तुझ्या मनात काहीतरी आहे.”

“माझ्या मनाला पुरावा म्हणत नाहीत. दुसरी बाजू उघडू या.”

त्याने नाणे डबीत ठेवून झाकण लावले. “न उघडता नाही का सांगता येणार?”

“नाही.”

मटकीशेजारची वाटी

थर घासून काढायचा नव्हता; तो सुटू द्यायचा होता. त्याला उपाय शुद्ध पाण्याचा. विनूने कारखान्यातून क्षार पूर्ण काढलेल्या पाण्याची बाटली आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मोड आणायला ठेवलेल्या मटकीशेजारी, नाण्याची वाटी ठेवली. “दोन्हीला मोड येतील,” सुलभा म्हणाली. रोजचे पाणी बदलण्याचे काम मुक्ताने आपणहून मागून घेतले. पाणी किंचित ढगाळ होई; ती ते ओतून नवे घाली आणि बांबूच्या काडीने सुटे कण तेवढे अलगद टिपी. विनू ऑफिसला जाताना आणि आल्यावर वाटीत डोकावे, आजारी माणसाच्या खोलीत डोकावतात तसा.

समारंभाच्या दोन दिवस आधी सकाळी मुक्ताची हाक आली. “डॅडी! समथिंग इज कमिंग ऑफ!”

विनू टायची गाठ अर्धवट टाकून धावत आला. थराची एक खपली सुटून वाटीच्या तळाशी बसली होती. मी नाणे टिपून टेबलावर ठेवले आणि बॅटरीचा प्रकाश बाजूने, तिरपा पाडला. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात आपल्याच सावलीने उभी राहतात. मला दिसायचे ते दिसले. पण विद्यार्थ्याला जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल ते त्याला सांगू नये, हा माझा जुना नियम. मी भिंग विनूच्या हातात दिले.

तो वाकून पाहत राहिला. उजवीकडून डावीकडे वळत गेलेली फारसी अक्षरे होती, आणि त्यांच्याजवळ कट्यारीसारखी एक लहान खूण. शिवराईच्या पाठीवर फारसी कधीच नसते. एका बाजूस फारसी, दुसऱ्या बाजूस नागरीत ‘राउ श्री’ अमुक, ही रीत कच्छच्या राजांची. पुण्याच्या एका प्रदर्शनात मी अशी नाणी पाहिली होती.

“ही आपली नाही,” विनू शेवटी म्हणाला.

“आपली नाही असं नाही. अप्पांची नाही.”

त्याने भिंग खाली ठेवले. त्या क्षणी तो मला गोवरातल्या मुलाएवढा दिसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याने तो राहू दिला.

सुलभाने चहाचे कप आणले. “मंडळाच्या परांजप्यांनी बॅनर रंगवलाय. ‘आखातात शिवराईचा शोध.’ आता काय?” मग तिनेच मार्ग काढला. “अहो, काचेखालीच ठेवणार ना? ‘श्री’ वर ठेवा. उलटून कोण बघतंय? आपण तर चाललोच आहोत.”

विनूने माझ्याकडे पाहिले.

“नाणं तुझं, भाषण तुझं,” मी म्हणाले. एवढे बोलून मी गॅलरीत गेले, कारण आणखी थांबले असते तर बोलले असते.

मंडळाचा शुक्रवार

मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. बायका नऊवारी नेसून आल्या होत्या, मुले खुर्च्यांमधून पळत होती, बटाटेवड्यांचा वास थेट व्यासपीठापर्यंत येत होता. मंडळाचे सचिव परांजपे माइकवरून म्हणाले, “लोक दुबईत सोनं शोधायला येतात. आमचे विनायकराव एवढी वर्षं राहिले आणि तांबं घेऊन चालले! पण काय तांबं, मंडळी! यल्ला, विनायकराव, होऊन जाऊ द्या.”

काचेच्या पेटीत ‘श्री’ लखलखत होता. विनू उठला. त्याने पेटी उघडली, नाणे बाहेर काढले आणि उलटे करून तळहातावर धरले.

“ही शिवराई नाही,” तो म्हणाला.

पुढच्या रांगेतले लोक नाणे पाहायला पुढे झुकले.

“मला ती हवी होती म्हणून मी तसं म्हणालो. हे कच्छचं नाणं आहे. जिथं सापडलं तिथं पूर्वी एका सेठचं दुकान होतं. माणूस मांडवीहून आला, खजुराच्या झावळ्यांच्या दुकानात तांदूळ-हळद विकली, शेजारच्या पोराला गूळ दिला. धंदा संपला, परत गेला. येतो म्हणाला होता. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. हे नाणं त्याच्याच हातून पडलं असं मी सिद्ध करू शकत नाही.” इथे त्याने माझ्याकडे पाहिले. “पण दारात पडलं होतं, एवढं नक्की.”

म्हणजे त्या दिवशी यंत्राचा पट्टा आवळताना त्याने सगळे ऐकले होते.

कुणीतरी मागून ओरडले, “म्हणजे बॅनर वाया!” हशा पिकला. पण त्या हशात पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ, तेही त्याच वर्षी परत निघालेले, हसले नाहीत. ते उठून व्यासपीठापाशी गेले, नाणे हातात घेतले आणि दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहत उभे राहिले.

माझ्या पिशवीत पेन्सिली होत्याच. मुक्ताने त्या काढून घेतल्या, बटाटेवड्यांसाठी आणलेल्या पातळ कागदांचा गठ्ठा पळवला, आणि व्यासपीठाच्या कडेवर बसून मुलांना ठसा कसा काढायचा ते दाखवू लागली. “नॉट सो हार्ड. पेन्सिल स्लीपिंग ठेव,” ती एकाला दटावत होती. मुलांची रांग लागली. पेटीतली शिवराई लांबून पाहून मुले वड्यांकडे पळाली असती. हे नाणे प्रत्येकाने हातात धरले. परांजपे स्वतः रांगेत उभे राहिले. “दोन्ही बाजू काढून दे हं मला,” ते मुक्ताला म्हणाले.

माझ्या परतीच्या आधी आम्ही पुन्हा खाडीकाठी गेलो. मजलिसची भिंत कमरेइतकी वर आली होती. विनूने नाणे अबू राशिदांच्या हातावर ठेवले. “आपके जमीन का है. सेठ का होगा.”

त्यांनी ते उन्हात धरले, अंगठ्याने पुसले. दाराच्या जागी उंबऱ्याचे ओले सिमेंट होते. मला वाटले ते तिथेच दाबतील. पण त्यांनी मान हलवली. “पाँव के नीचे नहीं. दोनों तरफ लिखा है. किसी का नाम होगा, किसी का भगवान होगा.” त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर, आत येणाऱ्याचा हात सहज टेकेल अशा उंचीवर, बोट ठेवले. गवंड्याने तिथे थापीभर गिलावा लावला.

“ताई, कुठली बाजू बाहेर?” विनूने विचारले.

“तू ठरव.”

“यल्ला, साब, सूख जाएगा,” गवंडी म्हणाला.

विनूने ‘श्री’ भिंतीकडे केला आणि फारसी बाजू बाहेर ठेवून नाणे दाबले. “घर त्यांचं आहे. त्यांना ती अक्षरं ओळखीची वाटतील,” तो मला मराठीत म्हणाला.

अबू राशिदांनी बोटाने नाण्याभोवतीचा गिलावा सारखा केला. मग म्हणाले, “सेठ बोला था आएगा. नहीं आया. तू आएगा?”

त्या देशात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे एकच उत्तर येते. विनूने भिंतीवर तळहात टेकला आणि म्हणाला, “इन्शाल्ला.”

आता विनू पुण्याला असतो. डिटेक्टर माळ्यावर आहे. सुलभा म्हणते, सवत म्हातारी झाली. मुक्ताने त्या संध्याकाळी काढलेला एक ठसा तेलाच्या डागासह मला दिला. मी तो त्याच दोन पुठ्ठ्यांत, अप्पांच्या शिवराईच्या कागदावर ठेवला आहे. कऱ्हाडला आला की विनू पुठ्ठे सोडतो, दोन्ही कागद शेजारी मांडतो, आणि पुन्हा बांधायला माझ्याकडे देतो. दोरा जुनाच आहे. आता तो गाठीला जरा अपुरा पडतो.